रोमानियातला ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचाय? नागपुरात बसून असा अभ्यास करा

माझी भाची मेडिकलसाठी रोमानियात आहे, याश नावाच्या शहरात. पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला, "मामा, इथं बस चर्चसमोरून गेली की अर्धी बस क्रॉसची खूण करते, कॉलेजातले पोट्टे-पोट्ट्यासुद्धा, आणि हेच लोक दुसऱ्या दिवशी चर्चच्या पैशावरून तावातावानं बोलतात, हे असं काऊन?" मला उत्तर देता आलं नाही. बीएला इतिहास होता माझा, पण रोमानिया म्हटलं की चाउशेस्कू हा हुकूमशहा आणि कम्युनिझम, एवढंच डोक्यात. मग वर्षभर रात्री जेवणं आटोपली की तासभर बसायचो, नकाशा आणि वही घेऊन. आता ओळखीतली अजून दोन-तीन मुलं तिकडं चालली आहेत, त्यांचे आईबाप विचारतात की कुठून सुरू करायचं, म्हणून माझी पद्धत इथं लिहून ठेवतो.

सुरुवात नागपुरातूनच करा. आपण रोज सेमिनरी हिल्स म्हणतो, ते नाव तिथल्या सेमिनरीवरून म्हणजे पाद्री घडवायच्या शाळेवरून पडलं हे किती जण लक्षात घेतात? हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, स्कॉटिश मिशनऱ्यांचं. म्हणजे आपल्या डोक्यात ख्रिस्ती धर्म म्हटलं की बाहेरून आलेले फादर, कॉन्व्हेंट, इंग्रजी शाळा, दवाखाना, आणि संख्येनं थोडे लोक असं चित्र तयार होतं. हे चित्र आधी बाजूला ठेवा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. रोमानियात हा धर्म शाळेसोबत आलेला नाही, तो शाळेच्या हजारेक वर्षं आधीपासून लोकांत मुरलेला आहे, आणि शाळा नंतर त्याच्या अंगणात उभी राहिली. २०२१ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ९० लाखांपैकी १ कोटी ४० लाख लोकांनी स्वतःला ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचे, असं लिहिलं. आपल्याकडे गावचं देऊळ, वारी, पंचांग, श्राद्ध-तेरवी हे जसं धर्म म्हणून वेगळं काढताच येत नाही, रोजच्या जगण्यात मिसळलेलं असतं, तसं ते आहे.

आता नकाशा. एक कोरा नकाशा प्रिंट करून आणा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. दक्षिणेला वालाकिया, ईशान्येला मोल्दाविया, आणि कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडे ट्रान्सिल्वानिया. पहिली दोन संस्थानं ऑर्थोडॉक्स राजांची, पण तुर्कांना खंडणी देणारी. तिसरा भाग आधी हंगेरीच्या आणि मग हाब्सबर्गांच्या म्हणजे व्हिएन्नाच्या राजघराण्याच्या ताब्यात, तिथं कॅथलिक, आणि पोपपासून फुटून निघालेले लुथरन, कॅल्विनपंथी आणि युनिटेरियन, या चार पंथांना कायदेशीर मान होता, आणि बहुसंख्य रोमानियन शेतकरी ज्या ऑर्थोडॉक्स पंथाचे, तो मात्र नुसता सहन केला जायचा. १८५९ ला पहिले दोन भाग एक झाले, १९१८ ला ट्रान्सिल्वानिया जोडला गेला. हे तीन रंग डोक्यात पक्के झाले नाहीत तर पुढं प्रत्येक नावाला अडखळाल, मी स्वतः दोन महिने अडखळलो कारण हा नकाशा मी सगळ्यात शेवटी काढला.

त्यानंतर एक शब्दांची वही करा. भाषा शिकायची गरज नाही, पंधरा-वीस शब्द पुरे. चर्चला ते बिसेरिका म्हणतात, हा लॅटिन बॅसिलिकावरून आला. देवाला दुम्नेझेउ, हा लॅटिन दोमिने देउस यावरून. ईस्टरच्या आधीच्या रविवाराला फ्लोरी म्हणतात, त्यात रोमन लोकांचा जुना फुलांचा सण लपलाय, आणि ज्यांची नावं फुलांवरून आहेत त्यांना त्या दिवशी शुभेच्छा देतात. पण पूजाविधीचे, पाद्र्यांचे कितीतरी शब्द स्लाव्ह भाषेतले. म्हणजे श्रद्धेचा पाया रोमन काळातला लॅटिन आणि वरचं सगळं बांधकाम बायझँटाइन-स्लाव्ह म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि बल्गेरियाकडच्या वळणाचं, हे दोन्ही थर एकाच वाक्यात सापडतात. लॅटिन कुळातली भाषा बोलणारा आणि तरीही ऑर्थोडॉक्स असलेला एवढा मोठा देश दुसरा नाही, आणि त्यांच्या ओळखीचा निम्मा गुंता इथंच आहे.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जवळचा, इथं घाई करू नका. छापखान्याचा माग काढा. शतकानुशतकं तिथल्या चर्चमध्ये आणि दरबारात जुनी स्लाव्होनिक भाषा चालायची, जी शेतकऱ्याला कळत नव्हती, आणि रोमानियनसुद्धा सिरिलिक लिपीत लिहायचे, रशियन लिहितात त्या लिपीत. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण इथून काही तासांवर रिद्धपूर आहे, महानुभावांनी संस्कृत सोडून धर्म मराठीत आणला आणि त्यातून मराठी गद्य उभं राहिलं, अगदी तोच प्रश्न. वालाकियात १५०८ ला मकारिये नावाच्या साधूनं पहिलं पुस्तक छापलं ते स्लाव्होनिकमध्ये. हाती असलेला सगळ्यात जुना रोमानियन मजकूर १५२१ चा, तो धार्मिक नाहीच, एका व्यापाऱ्यानं ब्राशोवच्या नगरप्रमुखाला तुर्की फौजेच्या हालचालींबद्दल पाठवलेलं पत्र आहे. आणि मग १५६१ ला त्याच ब्राशोवमध्ये कोरेसी नावाच्या डीकननं, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीवरच्या सेवकानं, चार शुभवर्तमानं रोमानियन भाषेत छापली.

ब्राशोव हे जर्मन लुथरन लोकांचं शहर. त्यांना वाटत होतं की लोकांना त्यांच्या भाषेत धर्मग्रंथ दिले की ते नव्या लुथरन पंथाकडे वळतील. रोमानियन काही लुथरन झाले नाहीत, पण पुस्तकं मात्र डोंगर ओलांडून तिन्ही भागांत गेली, आणि कोरेसीनं वापरलेली बोली पुढं प्रमाण भाषेचा आधार बनली. १६८८ ला बुखारेस्टमध्ये पूर्ण बायबल रोमानियनमध्ये आलं. त्यानंतर येतो अंतिम इविरेआनुल, अंतिम हे त्याचं नावच. हा माणूस जन्मानं जॉर्जियाचा, लहानपणी गुलाम म्हणून पकडून इस्तंबूलला नेलेला, तिथून वालाकियात आला, छापखाना चालवला, पुढं तिथला सर्वोच्च धर्मगुरू झाला आणि प्रार्थनाविधी रोमानियनमध्ये आणला. १७०१ ला त्यानं स्नागोवच्या मठात अरबी भाषेतलंसुद्धा पुस्तक छापलं, सीरियाकडच्या ख्रिश्चनांसाठी. १७१६ ला त्याला पदावरून काढून मारण्यात आलं. ज्या माणसाची ती मातृभाषाच नव्हती त्यानं ती देवघरात नेली, मला हे वाचून त्या रात्री झोप आली नाही. वहीत या पाच-सहा सालांची एक उभी ओळ आखा आणि शेजारी प्रत्येक वेळी पैसा कुणाचा, भाषा कोणती, लिपी कोणती एवढं लिहा, बस. शेवटी १८६० च्या आसपास सिरिलिक जाऊन लॅटिन लिपी आली तेही लिहा, आपल्याकडे मोडी गेली तसंच काहीसं.

मग लिपी का बदलली हे शोधायला निघाल की तुम्ही आपोआप ब्लाजला पोचता. ब्लाज हे ट्रान्सिल्वानियातलं छोटंसं गाव, पण महत्त्वाचं. १७०० च्या सुमारास ट्रान्सिल्वानियातल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंपैकी बऱ्याच जणांनी पोपशी जोडून घेतलं, विधी पूर्वेचेच ठेवले, पाद्र्यांची लग्नंही चालूच राहिली, फक्त पोपला मानलं, आणि बदल्यात हाब्सबर्ग दरबारानं बरोबरीच्या हक्कांचं आश्वासन दिलं. हे ग्रीक कॅथलिक. हक्क पूर्ण कधी मिळाले नाहीत, पण शिक्षणाचं दार उघडलं. १७५४ ला ब्लाजमध्ये शाळा सुरू झाल्या, हुशार मुलं रोम आणि व्हिएन्नाला शिकायला गेली, आणि परत आली ती आपण रोमनांचे वंशज आहोत, आपली भाषा लॅटिन आहे हे ठामपणे सांगत. सामुइल मिकु, जॉर्ज शिंकाई, पेत्रु मायोर ही तीन नावं लिहून ठेवा. मिकु आणि शिंकाईंनी १७८० ला लॅटिन लिपी वापरून रोमानियन व्याकरण काढलं. १७९१ ला सम्राटाकडे जो मोठा अर्ज गेला, की आम्ही बहुसंख्य असून आम्हाला इतरांसारखे हक्क का नाहीत, त्यामागं हीच विचारधारा. पाद्री व्हायला गेलेली मुलं देशाचा इतिहास लिहून परत आली, चर्चनं असं काही व्हावं म्हणून पाठवलं नव्हतं बरं का.

ऑर्थोडॉक्स बाजूही मागं राहिली नाही. ट्रान्सिल्वानियातल्या सिबिऊचे बिशप आंद्रेई शागुना, यांनी गावोगावी चर्चच्या शाळा उभ्या केल्या आणि १८५३ ला एक वर्तमानपत्र काढलं जे आजही निघतं. बुखारेस्टमध्ये १८१८ ला जॉर्ज लझार यांनी संत सावा मठाच्या जागेत रोमानियन भाषेतून वरचं शिक्षण सुरू केलं, त्याआधी तिथं ग्रीकची चलती होती. हे वाचताना एक सवय लावून घ्या, प्रत्येक शाळेसमोर लिहायचं की फी कोण देत होतं आणि मुली होत्या का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा रिकामं राहतं, आणि ती रिकामी जागाही अभ्यासाचाच भाग आहे.

थकलात तर भिंती बघा. एका वेळी एकच भिंत, इंटरनेटवर मोठा फोटो उघडून शांतपणे. मोल्दावियातला वोरोनेत्सचा मठ तिथल्या स्टीफन राजानं १४८८ ला चार महिन्यांच्या आत बांधून घेतला, बाहेरची चित्रं १५४७ ची. पश्चिमेच्या भिंतीवर शेवटचा न्यायनिवाडा, निळ्या रंगाची पार्श्वभूमी जी पाऊस-बर्फ झेलून अजून टिकलीय. न्यायासाठी वाट बघणाऱ्यांच्या रांगेत तुर्क आणि तातार दिसतात. म्हणजे स्वर्ग-नरकाच्या चित्रात त्या काळचं राजकारण. मोल्दोवित्साच्या भिंतीवर कॉन्स्टँटिनोपलचा वेढा आहे, कथा सातव्या शतकाची पण वेढा घालणारे रंगवलेत तुर्की वेशात. ज्याला स्लाव्होनिक वाचता येत नव्हतं त्या माणसासाठी ही भिंतच प्रवचन होती, आपल्याकडे चित्रकथी पोथ्या लावून गोष्ट सांगायचे तशी, फरक इतकाच की इथं चित्र जागेवर आणि माणूस फिरतो. दगडी भिंती पाहून झाल्या की मारामुरेशची लाकडी चर्च बघा, त्यातली आठ जागतिक वारशात आहेत, आणि शुर्देश्तीचं चर्च जमिनीपासून टोकापर्यंत ७२ मीटर उंच, सगळं लाकूड.

आता एक काळं पान, हे सोडू नका. कौतुक करत करत आपण एवढे पुढं येतो की हे वाचायचं राहून जातं. रोमा म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे ते लोक वालाकिया आणि मोल्दाविया या दोन संस्थानांत गुलाम होते, जवळजवळ पाचशे वर्षं, आणि मालक तीन, राजा, जमीनदार आणि मठ. १३८५ च्या एका सनदेत मठाला चाळीस कुटुंबं दान दिल्याची नोंद आहे, जमीन आणि गिरणी दान द्यावी तशी माणसं. मठांच्या मालकीचे गुलाम मोल्दावियात १८४४ ला आणि वालाकियात १८४७ ला मुक्त झाले, जमीनदारांचे १८५५-५६ ला. ज्या सुंदर भिंतींसमोर आपण उभे राहतो त्या मठांच्या शेतात कोण राबत होतं हा प्रश्न विचारल्याशिवाय तो फोटो बंद करायचा नाही असा मी स्वतःला नियम घातलाय. नागपूरच्या माणसाला तर हा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

१८६३ ला कुझा या राजानं मठांच्या जमिनी सरकारजमा केल्या, देशातली सुमारे पाव जमीन त्यांच्याकडे होती. दुसऱ्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा आला. चर्चच्या अंगणातली शाळा इथून हळूहळू सरकारच्या दारात गेली. १९२५ ला रोमानियन चर्चला स्वतःचा पॅट्रिआर्क म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू मिळाला, मिरोन क्रिस्तेआ, आणि १९३८ ला तोच पंतप्रधान झाला, राजाच्या हुकूमशाहीत. त्याच काळात देवदूत मायकलचं नाव लावून एक फॅसिस्ट संघटना उभी राहिली, १९२७ ची, प्रतिमा आणि प्रार्थना हातात आणि ज्यूंबद्दलचा द्वेष मनात, आणि काही पाद्रीही तिच्यासोबत होते. धर्म सार्वजनिक जीवनात येतो म्हणजे नक्की काय काय येतं, हे बघायला ही दहा-बारा वर्षं नीट वाचा.

कम्युनिस्ट काळाबद्दल एक चूक टाळा. सगळं चर्च छळ सोसत होतं असंही नाही आणि सगळं विकलं गेलं होतं असंही नाही. १९४८ ला शाळांतून धर्म काढला, आणि ग्रीक कॅथलिक चर्च तर बेकायदाच ठरवलं, त्याच्या इमारती ऑर्थोडॉक्स चर्चला दिल्या, बिशप तुरुंगात टाकले. सात बिशप तुरुंगात किंवा नजरकैदेत वारले, त्यांना २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी ब्लाजमध्ये येऊन धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. यातले यूलिउ होसू, ज्यांनी १९१८ ला अल्बा यूलिया शहरात जमलेल्या लोकांसमोर एकीकरणाचा ठराव वाचला होता, ते १९७० ला नजरकैदेत असतानाच वारले. देश जोडल्याची घोषणा ज्यांनी केली त्यांनाच देशानं कोंडलं. दुसरीकडं ऑर्थोडॉक्स नेतृत्वानं सरकारशी जुळवून घेतलं, पण त्यांच्यातलेही हजारो साधू-साध्वी १९५९ च्या हुकमानं मठांतून बाहेर काढले गेले, आणि दुमित्रु स्तानिलोआए यांच्यासारखे मोठे धर्मचिंतक पाच वर्षं तुरुंगात होते. १९८० च्या दशकात चाउशेस्कूनं बुखारेस्टमध्ये जुनी चर्च पाडायला सुरुवात केली तेव्हा युजेनिउ योर्दाकेस्कू या इंजिनिअरनं काही चर्च रुळांवर चढवून सरकवली. मिहाई वोदा चर्च २८९ मीटर सरकवलं, आज ते उंच इमारतींच्या मागं लपलेलं आहे. सिव्हिलवाल्या पोरांना हे आधी सांगा, त्यांना तिथून रस लागतो.

आणि १९८९. तिमिशोआरा शहरात लास्लो टोकेश नावाच्या हंगेरियन कॅल्विनपंथी पाद्र्याला घराबाहेर काढायचा हुकूम निघाला, १५ डिसेंबरला त्याच्या मंडळीतले लोक घराभोवती उभे राहिले, मग शेजारचे रोमानियन आले, ऑर्थोडॉक्सही, बाप्टिस्टही, आणि त्यातून क्रांतीच सुरू झाली. बहुसंख्यांच्या चर्चमधून नव्हे, अल्पसंख्य भाषेच्या, अल्पसंख्य पंथाच्या एका पाद्र्याच्या दारातून. हे वहीत लाल पेननं लिहा.

आजचं सार्वजनिक जीवन समजायला तीन घटना पुरतात आणि माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही मला इथंच मिळालं. एक, शाळेतला धर्माचा तास. १९८९ नंतर तो परत आला, आधी नको असेल तर पालकांनी अर्ज द्यायचा, पण २०१४ ला घटनात्मक न्यायालयानं ते उलटं केलं, हवा असेल त्यानं अर्ज द्यावा. बहुसंख्य पालकांनी अर्ज दिले. दोन, ऑक्टोबर २०१५ ला बुखारेस्टच्या एका नाइटक्लबला आग लागून ६४ जण गेले, दवाखान्यांची अवस्था उघडी पडली, आणि रस्त्यावर घोषणा झाली की आम्हाला दवाखाने हवेत, कॅथीड्रल नको, कारण शहरात सरकारी पैशाच्या मदतीनं प्रचंड मोठं राष्ट्रीय कॅथीड्रल बांधणं चालू होतं. तीन, २०१८ चं सार्वमत, राज्यघटनेत लग्न म्हणजे फक्त पुरुष आणि स्त्रीचं असं लिहायचं का यावर. सुमारे तीस लाख सह्या गोळा झालेल्या, चर्चचा पाठिंबा, पण मतदान जेमतेम २१ टक्के झालं, ३० टक्के लागत होते, सार्वमत पडलं. म्हणजे क्रॉसची खूण करणारी ती अर्धी बस मत द्यायला गेली नाही. मुलाला धर्माचा तास हवा, ईस्टरला मेणबत्ती हवी, पण कायदा आणि पैसा याबाबत चर्चचं ऐकायचं की नाही हे ते स्वतः ठरवतात. मी तिला हेच सांगितलं, ती म्हणाली हो ना मामा, माझी रूममेट अगदी अशीच आहे.

शेवटचं काम कॅलेंडर. आपल्या घरच्या कॅलेंडरवरच तिकडचे सण पेन्सिलीनं मांडा. नाताळ २५ डिसेंबरलाच, पण ईस्टर जुन्या गणितानं, त्यामुळं २०२४ ला आपल्या सदरच्या कॅथीड्रलमध्ये ३१ मार्चला ईस्टर झाला आणि तिकडं ५ मे ला. नाताळात मुलं आणि पुरुषांचे गट दारोदार कोलिंदे म्हणजे नाताळची गाणी गातात, पुरुषांच्या गटांची ही परंपरा २०१३ ला युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या भुलाबाईची आठवण येते, घरोघरी गाणी आणि शेवटी खिरापत, तिथं खिरापतीच्या जागी अक्रोड, सफरचंद आणि गोल पाव. १४ ऑक्टोबरला मोठा गोल काढा, त्या दिवशी याशमध्ये संत पारास्केवाच्या अवशेषांच्या दर्शनाला रात्रभर रांग लागते, १६४१ पासून ते अवशेष त्या शहरात आहेत, आणि लोक रांगेतल्यांना कोबीच्या पानात गुंडाळलेले सरमाले खाऊ घालतात. भाचीनं त्या रांगेचा व्हिडिओ पाठवला तेव्हा माझ्या घरासमोरून दीक्षाभूमीकडं जाणारे लोक दिसत होते, १९५६ च्या १४ ऑक्टोबरची आठवण ठेवणारे. दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा, एकीकडं जुन्या संताला धरून राहणं आणि दुसरीकडं जुनं सोडून माणूस म्हणून उभं राहणं, त्यांची तुलना करू नका, पण रात्रभर चालत आलेल्या अनोळखी माणसाला कुणीतरी जेवू घालतंय हे दोन्हीकडं बघून घ्या.

जे प्रत्यक्ष जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. चर्चमध्ये जा, कुणी अडवत नाही, बाईनं डोक्यावर ओढणी घेतली तर म्हाताऱ्या बायांना बरं वाटतं, प्रार्थना बहुतेक उभ्यानंच असते तेव्हा पायांची तयारी ठेवा. ईस्टरनंतर कुणी "ख्रिस्तोस आ इन्वियात" म्हणालं तर "आदेवरात आ इन्वियात" म्हणा, ख्रिस्त उठला, खरंच उठला. मेणबत्ती बाहेर लावतात, तिथं दोन वेगळे खण असतात, एकावर लिहिलेलं असतं वीय म्हणजे जिवंतांसाठी, दुसऱ्यावर मोर्त्सी म्हणजे गेलेल्यांसाठी. माझ्या भाचीनं आमच्या आईची, म्हणजे तिच्या आजीची मेणबत्ती पहिल्यांदा जिवंतांच्या खणात लावली होती, शेजारच्या बाईनं विचारलं कुणासाठी, आणि उत्तर ऐकून तिनं ती विझू न देता हळूच उचलून दुसरीकडं लावून दिली.